आरसी बुकातलं नाव

माझी पहिली गाडी पहिले सहा महिने माझी नव्हतीच. चावी माझ्याकडे, पेट्रोलचा खर्च माझा, डॅशबोर्डवर चिकटवलेला छोटा गणपतीही माझाच. ऑफिसमधल्या मैत्रिणींना 'माझी गाडी' म्हणून फोटो पाठवून झाले होते. पण आरसीवर नाव होतं साताऱ्याच्या काकांचं. काका म्हणजे बाबांचे मित्र, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी जानेवारी २००८ मध्ये नवी घेतलेली पांढरी मारुती ८०० मी जुलै २०२१ मध्ये साठ हजारांना घेतली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते.

गाडी ताब्यात देण्याचा कार्यक्रम रीतसर झाला. काकूंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. काकांनी दोन वस्तू हातात दिल्या. एक कागदपत्रांची फाइल आणि एक दोनशे पानी वही. वहीत तेरा वर्षांचा हिशेब होता. किती किलोमीटरला किती लिटर पेट्रोल, ऑइल कधी बदललं, टायर कधी फिरवले, टायमिंग बेल्ट कधी टाकला, पीयूसी कधी संपते, विमा कधी भरायचा, सगळं बारीक अक्षरात. मी वही कौतुकानं चाळली आणि मागच्या सीटवर टाकली.

"ते नावाचं तेवढं महिनाभरात करून घे गं," काका म्हणाले.

"हो काका, नक्की."

नंतर ते राहिलंच. कोविडचे दिवस होते. लायसन आणि आरसीची संपलेली मुदत सरकारनं ऑक्टोबर २०२१ अखेरपर्यंत वाढवून दिली होती आणि मी सोयीस्करपणे समजून घेतलं होतं की गाडीच्या सगळ्याच कागदांना मुदतवाढ आहे. नाव बदलण्याचा किंवा विम्याचा त्या सवलतीशी काही संबंध नव्हता. पण आपल्याला हवं तेवढंच वाचण्याची कला माझ्या पिढीला चांगली जमते.

गाडीनं पहिला दणका गणपतीत दिला. पुण्याहून साताऱ्याला जाताना तेव्हा खंबाटकी घाट चढावा लागायचा. येताना बोगदा होता, त्यामुळे येणाऱ्याला घाट कळत नसे. जाणाऱ्याला कळायचा. अर्ध्या घाटात तापमानाचा काटा वर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. कसंबसं एका गॅरेजपर्यंत पोचले. मिस्त्रींनी गाडी थंड होऊ दिली, रेडिएटरचं झाकण फडक्यानं धरून सावकाश उघडलं आणि विचारलं, "पाणी कधी बघितलं होतं?"

"कुठलं पाणी?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग काही न बोलता त्यांनी कूलंट भरलं, फाटलेला होजपाइप बदलला आणि सातशे रुपये घेतले. मला राग आला तो त्यांच्या बघण्याचा. आपल्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं, असं मला वाटलं. ते खोटं होतं. मागच्या सीटवरच्या वहीत दर महिन्याला 'पाणी पाहिले' अशी नोंद होती.

पण तरी ते वाटणं पूर्ण खोटंही नव्हतं. आमच्या घरात गाडीबद्दल जे काही बोललं जायचं ते गाडी मिळण्याबद्दलचं होतं. आजोबांच्या मित्रानं फियाट कशी नंबर लावून मिळवली, कुणाच्या लग्नात ती कशी सजवली, कुणाला मारुती लागली. गाडी सांभाळण्याच्या गोष्टी कुणी सांगत नव्हतं. याचं कारण शोधत मी मागे गेले तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे गाडीचा इतिहास हा मुख्यतः वाट पाहण्याचा इतिहास आहे.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांना भारतात मोटारीचा कारखाना काढायचा होता. विश्वेश्वरय्यांसारखा माणूस या कल्पनेच्या पाठीशी होता, तरी ब्रिटिश सरकारकडून प्रोत्साहन मिळालं नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या वर्षी अमेरिकी क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाट अकराशे आली, साठच्या दशकात तिचं नवं रूप आलं, सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जी सिनेमात दिसते तीच ही. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या बाजूला असलेली.

परवाना राज्यात कुठल्या कारखान्यानं किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवत होतं. ग्राहकानं निवड करायची म्हणजे अँबेसेडर, फियाट किंवा स्टँडर्ड यांतली एक आणि मग काही वर्षं थांबायचं. त्यामुळे वापरलेली फियाट चांगल्या किमतीला जायची, कारण ती लगेच हातात मिळायची. आज शोरूममधून बाहेर पडताच गाडीची किंमत उतरते, हे त्या काळातल्या माणसाला विनोदी वाटलं असतं.

मग मारुती आली. १९८३ च्या उन्हाळ्यात नोंदणी उघडली तेव्हा दहा हजार रुपये अनामत भरून लाखाहून जास्त लोकांनी नाव लावलं. त्या काळातले दहा हजार. गाड्या सोडत काढून दिल्या गेल्या. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची चावी खुद्द इंदिरा गांधींनी एका ग्राहकाच्या हातात ठेवली. ७९६ सीसीच्या गाडीसाठी पंतप्रधान! त्या प्रसंगाचा फोटो आजही फिरतो. चावी देणारा हात, घेणारा हात. आपल्या सगळ्या घरांमधले गाडीचे फोटो तसेच असतात बघा. चावी, हार, पेढे. विमा भरतानाचा फोटो कुणी काढत नाही.

ज्यांच्याकडे फार पूर्वी मोटारी होत्या त्यांना तर सांभाळायचा प्रश्नच नव्हता. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ज्या थोड्या लोकांकडे मोटार आली त्यांत जमशेटजी टाटांचं नाव घेतलं जातं. अशा माणसांच्या गाडीला शोफर असायचा. शोफर हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ भट्टी पेटवणारा. पहिल्या मोटारी चालू करणं हे भट्टी पेटवण्याइतकंच कष्टाचं होतं. हँडल मारून इंजिन जागं करायचं, दिवे पेटवायचे, वाटेत पंक्चर काढायचं, ही सगळी त्याची कामं. मालक मागे बसायचा. आपली गाडी आपणच चालवणारा, आपणच पाणी बघणारा आणि आपणच विमा भरणारा मध्यमवर्गीय मालक हा मोटारीच्या इतिहासात उशिरा आलेला माणूस आहे. काका त्या प्रकारात चपखल बसत होते. मी मात्र मागच्या सीटवरच्या मालकासारखी वागत होते, फक्त शोफर नव्हता.

१३ जानेवारी २०२२. सकाळी सात-सव्वासात. कोथरूडमधल्या एका गल्लीत मेडिकलच्या दुकानापुढे मी गाडी लावली. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, फोनकडे बघत दार उघडलं.

आवाज फार मोठा आला नाही. सायकल दाराच्या कडेवर आदळली आणि पेपर टाकणारे गृहस्थ रस्त्यावर खांद्यावर पडले. पन्नाशीचे असतील. पेपर गल्लीभर पसरले. ते उठून बसले आणि पहिलं वाक्य म्हणाले ते असं, "बाई, पेपर गोळा करा, वाऱ्यानं जातील." मी पेपर गोळा करत होते आणि त्यांचा उजवा हात खाली लोंबत होता.

मी त्यांना दवाखान्यात नेलं. कॉलरबोन मोडलेलं होतं. ऑपरेशन नको, पण हात सहा आठवडे गळ्यात. सहा आठवडे सायकल नाही, म्हणजे पेपरची लाइन नाही, म्हणजे पैसे नाहीत. मी सारखी म्हणत होते की गाडी उभी होती, मी चालवत नव्हते. डॉक्टरांना सांगितलं, नर्सला सांगितलं, त्यांना स्वतःलाही दोनदा सांगितलं. गाडी बंद असताना झालेला तो अपघात कसला, असं मला खरंच वाटत होतं. कायद्याला तसं वाटत नाही. मोटारीच्या 'वापरातून' इजा झाली का, एवढंच तो विचारतो, आणि दार उघडून उतरणं हा वापरच आहे.

तासाभरात त्यांचा पुतण्या आला. माझ्याच वयाचा. तो माझ्याशी भांडला नाही. बाहेर जाऊन नंबर प्लेटचा फोटो काढला, ॲपमध्ये नंबर टाकला आणि फोन माझ्यासमोर धरला. मालकाच्या नावाची काही अक्षरं होती, मधे फुल्या होत्या. तरी नाव ओळखू येत होतं आणि ते माझं नव्हतं. खाली विम्याची मुदत होती, २ जानेवारी २०२२.

"हे कोण? आणि इन्शुरन्स संपलाय तुमचा."

अकरा दिवस झाले होते. विमा कंपनीचे आठवणीचे मेसेज गेले होते, पण काकांच्या नंबरवर. काकांनी ते पाहून ठरवलं होतं की पोरीनं आता सगळं आपल्या नावावर केलंच असेल, हे जुन्या यादीतून येत असणार.

दुपारी पुतण्यानं पोलीस चौकीत अर्ज दिला. संध्याकाळी चौकीतून फोन गेला तो साताऱ्याला.

इथे थोडं थांबून हे सांगायला हवं की फोन काकांना का गेला. मला त्या संध्याकाळी तो मूर्खपणा वाटला. गाडी मी घेतली, पैसे मी दिले, दार मी उघडलं. सत्तरीच्या माणसाला कशाला त्रास? नंतर वाचत गेले तेव्हा दिसलं की ही गोष्ट मोटारीइतकीच जुनी आहे.

मोटारींना पाटी लावायला लावणाऱ्या पहिल्या शहरांपैकी एक पॅरिस. तिथल्या पोलिसांनी ऑगस्ट १८९३ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक मोटारीवर धातूची पाटी हवी आणि त्या पाटीवर नुसता क्रमांक नाही तर मालकाचं नाव आणि पत्ताही हवा. वाचता येईल असा, कधीही न झाकलेला. घोडागाडी असेपर्यंत गल्लीला माहीत असायचं की गाडी कुणाची, घोडा कुणाचा. मोटार मात्र धडक देऊन पाच मिनिटांत दुसऱ्या गावात पोचू शकत होती. पडलेल्या माणसाला निदान कुणाकडे जायचं एवढं तरी कळावं, म्हणून ती पाटी. पुढे गाड्या वाढल्या, नाव-पत्ता पाटीवर मावेना, तेव्हा पाटीवर फक्त क्रमांक उरला आणि नाव सरकारी वहीत गेलं. ब्रिटननं १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक मोटारीला नोंदणी आणि नंबर सक्तीचा केला. त्याच वर्षी मुंबई प्रांतातही मोटारींसाठी कायदा झाला आणि १९१४ मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच मोटार कायदा आला. आज पुण्याची एमएच १२, साताऱ्याची एमएच ११ अशी जी अक्षरं आपण अभिमानानं मिरवतो, कॉलेजात त्यावरून भांडतो, ती मुळात त्या पॅरिसच्या पाटीवरच्या पत्त्याची उरलेली खूण आहे.

पण नाव कळून पोट भरत नाही. मालक सापडला आणि त्याच्याकडे पैसेच नसले तर? ब्रिटनमध्ये १९३० च्या सुमाराला रस्त्यांवर वर्षाला सात हजारांच्या आसपास माणसं मरत होती. गाड्या आता फक्त श्रीमंतांकडे राहिल्या नव्हत्या. कोर्टात खटला जिंकूनही विधवेच्या हाती काही पडत नसे. म्हणून १९३० च्या कायद्यानं तिथे विमा सक्तीचा केला आणि तो स्वतःच्या गाडीचा नव्हे तर रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसासाठीचा. थर्ड पार्टी हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यातला माणूस दिसेनासा होतो. पहिला मालक, दुसरी विमा कंपनी आणि तिसरा तो, ज्यानं कुठल्याही कागदावर सही केलेली नाही. पेपरची लाइन टाकायला निघालेला.

आपल्याकडे ही तरतूद १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आली. पण विम्याचं प्रकरण प्रत्यक्षात लागू झालं १ जुलै १९४६ पासून. कायदा आणि अंमल यांच्यामध्ये सात वर्षं आणि एक महायुद्ध गेलं. त्यानंतरही जखमी माणसाला दिवाणी कोर्टात कोर्ट फी भरून वर्षानुवर्षं बसावं लागायचं. १९५६ च्या दुरुस्तीनं अपघात दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं नेमायची सोय झाली. चूक कुणाची हे सिद्ध न करताही काही रक्कम मिळावी, हे तत्त्व यायला १९८२ उजाडलं. मृत्यूला पंधरा हजार रुपये, कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार. रक्कम बघून हसू येतं, पण त्याआधी शून्य होतं. १९८८ चा कायदा, जो १ जुलै १९८९ पासून चालू आहे आणि ज्याच्याखाली आपण सगळे गाडी चालवतो, तो या सगळ्या थरांवर उभा आहे.

या कायद्यात 'मालक' या शब्दाची व्याख्या आहे. ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं आहे तो मालक. पैसे कुणी दिले, चावी कुणाकडे आहे, गणपती कुणी चिकटवला, यातलं काही त्यात नाही. गाडी विकली तर विकणाऱ्यानं त्याच राज्यात चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं तीस दिवसांत कळवायचं.

हे न केल्यावर काय होतं ते सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात आहे. एका माणसानं २००७ मध्ये गाडी विकली, ताबा दिला, पण नाव बदललं गेलं नाही. गाडी पुढे एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरत राहिली. आरसीवर पहिलाच माणूस. मे २००९ मध्ये मागे घेताना त्या गाडीनं रस्त्यानं पायी जाणाऱ्या दोघांना धडक दिली. त्यांतला एक वारला. गाडीचा विमा नव्हता. भरपाई कुणी द्यायची? न्यायालयानं सांगितलं, आरसीवर ज्याचं नाव आहे त्यानं. कारण उघड होतं. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्यानं गाडी कुणी कुणाला विकली याची साखळी शोधत फिरायचं का?

तो निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्या पहिल्या विक्रेत्याची दया आली. दुसऱ्यांदा वाचताना मी त्यातल्या खरेदी करणाऱ्यांना शोधत होते. त्यांच्याबद्दल फारसं काही नाही. ते गाडी घेतात, नाव बदलत नाहीत आणि पुढे विकून टाकतात. मला वाटलं, ती मी.

तर काका. दुसऱ्या दिवशी ते पुण्यात आले. तेव्हा एसटीचा संप चालू होता, म्हणून वडापनं आले, तेही उभ्यानं. हातात तीच जुनी कापडी पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट. आयुष्यात कधी चौकीची पायरी न चढलेला माणूस. मला वाटलं होतं ते रागावतील. मी तयारीही करून ठेवली होती. ते म्हणाले, "दवाखाना कुठे आहे ते दाखव आधी."

पेपरवाले घरी गेले होते, म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो. एका खोलीचं घर. पुतण्या दारातच होता. काका आत गेले, खाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "गाडी माझ्या नावावर आहे. जे काही असेल ते माझ्याकडे मागा."

मी दारात उभी होते. मला तेव्हा तोंड उघडून 'नाही, माझ्याकडे मागा' म्हणायलाही पाच-सात सेकंद लागले. ती सेकंदं मला अजून आठवतात. लाज वाटली म्हणून उशीर झाला, असं सांगायला आवडेल. खरं म्हणजे त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

पेपरवाल्यांनी फार मागितलं नाही. दवाखान्याचा खर्च, औषधं, सहा आठवडे त्यांच्या जागी लाइन टाकणाऱ्या मुलाचे पैसे आणि सायकलचं पुढचं चाक. सगळं मिळून माझा दीड महिन्याचा पगार गेला. पुतण्यानं अर्ज मागे घेतला. त्यांनी न्यायाधिकरणात दावा लावला असता तर तो त्यांचा हक्क होता आणि माझी बचत त्याला पुरली नसती, हे मला नंतर हिशेब करून कळलं. आपल्या देशात वर्षाला दीड लाखाहून जास्त माणसं रस्त्यावर मरतात. माझ्या दारानं त्यांत भर घातली नाही. पण यात माझं कर्तृत्व काहीच नाही. ते डावीकडे पडले. उजवीकडे, गल्लीच्या मधोमध पडले असते आणि मागून काही येत असतं तर हा लेख मी लिहिला नसता.

विमा नसताना गाडी रस्त्यावर आणण्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दोन हजार रुपये आहे. वर्षाचा थर्ड पार्टीचा हप्ताही मारुती ८०० सारख्या छोट्या इंजिनाच्या गाडीला साधारण तेवढाच असतो. मी तो हप्ता त्याच रात्री भरला. पुढच्या आठवड्यात काका पुन्हा आले, फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या केल्या. एकोणतीस म्हणजे विकणाऱ्यानं द्यायची सूचना, तीस म्हणजे दोघांनी मिळून करायचा अर्ज. सही करताना काकांचं पेन थोडं थांबलं. मला वाटलं, ते काहीतरी बोलणार. ते म्हणाले, "इथे चेसिस नंबर नीट घाल. शेवटचा आकडा फाइलमध्ये पुसट आहे, सात आहे तो, एक नाही."

आरसी पोस्टानं घरी आली तेव्हा मी ती उघडून फक्त नावाची ओळ वाचली आणि पाकीट बंद केलं. त्या रात्री मागच्या सीटवरची वही वर आणली. सहा महिन्यांचा हिशेब नंतर आठवून भरू म्हणून चार पानं कोरी सोडली आणि पाचव्या पानावर तारीख घातली. त्या चार पानांवर आठवून लिहायला काही नव्हतंच. मी पाणी पाहिलं नव्हतं, हवा पाहिली नव्हती, ऑइल तर नाहीच.

पुढची दोन-अडीच वर्षं मी बऱ्यापैकी बरी मालक होते. दार उघडताना लांबचा हात वापरायचा, म्हणजे उजव्या बाजूला बसलेल्यानं डाव्या हातानं दाराची कडी ओढायची. मान आपोआप मागे वळते आणि आरसा दिसतो. हे सायकलींच्या देशात, नेदरलँड्समध्ये शिकवतात. मी आता शेजारी बसणाऱ्यांनाही शिकवते आणि ते कंटाळतात. टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर कधी उघडायचं नाही. पीयूसी म्हणजे चौकात कुणाला तरी दाखवायचा कागद नाही, हे मला मागच्या गाडीवाल्याच्या तोंडासमोर माझा धूर जाताना आरशात दिसला तेव्हा पटलं.

जानेवारी २०२३ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते, पाच वर्षांसाठी. एप्रिल २०२२ पर्यंत या कामाची फी कारला सहाशे रुपये होती, ती पाच हजार झाली होती. वर पर्यावरण कर, वर तपासणीसाठी गाडी नीट करून घेण्याचा खर्च. साठ हजारांच्या गाडीवर एवढा खर्च करणं बाबांना वेडेपणा वाटला. मिस्त्री म्हणाले, इंजिन अजून चांगलं आहे. काकांना विचारलं तर म्हणाले, "आता तुझी आहे, तू ठरव." मी नोंदणी करून घेतली.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. टॅक्सीला मुंबईत वीस वर्षांची मर्यादा आहे आणि ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेलेली गाडी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. म्हणजे तिचा शेवट कुठल्या अपघातानं किंवा बिघाडानं झाला नाही. वहीतल्या तारखेनं झाला. लोकांनी तिच्यासोबत फोटो काढले, हळहळले. मीही ते फोटो बघत बसले आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या गाडीचीही कंपनी तिचं उत्पादन केव्हाच थांबवून बसली आहे, जानेवारी २०१४ मध्ये. सुटे भाग अजून मिळतात, पण मिस्त्री हल्ली 'बघतो' म्हणतात, 'आहे' म्हणत नाहीत.

२०२४ च्या पावसाळ्यानंतर मी ती विकायला काढली. घ्यायला आला तो बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, नुकती नोकरी लागलेला. गाडी बघून त्याचा चेहरा असा फुलला की मला किमतीत घासाघीस करावीशी वाटली नाही. तो आईला व्हिडिओ कॉल करून गाडी दाखवत होता. मग फोन ठेवून म्हणाला, "ताई, पैसे आत्ता ट्रान्सफर करतो. ते नावाचं काय, दिवाळीनंतर करू ना निवांत."

"नाही. आधी नावाचं."

आम्ही माझ्याच टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो. त्याला ओटीपी येत नव्हता, साइट दोनदा बंद पडली, त्याचा पत्त्याचा पुरावा दुसऱ्या फोनमध्ये होता. दीड तास गेला. विम्याच्या खात्यात मी माझ्या नंबरच्या जागी त्याचा नंबर घातला आणि मेसेज त्याच्या फोनवर येईपर्यंत थांबले. तोपर्यंत तो कंटाळून काकांची वही चाळायला लागला होता. बारीक अक्षरातली तेरा वर्षं, मग माझं तिरकं अक्षर.

"ताई, ही मधली चार पानं कोरी का आहेत?"

मी म्हटलं, "फॉर्मवर सही कर. मग सांगते."